डोंगरावर जाऊन आले, पण मन काही निवलं नाही

ट्रेकिंगबद्दलच्या या वेळच्या पत्रांत गुडघ्यांपेक्षा मनाबद्दलचे प्रश्न जास्त निघाले. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. पत्रलेखकांची नावं त्यांच्या विनंतीवरून गाळली आहेत.

मी कांजूरमार्गला नोकरी करते. डोंबिवलीहून रोज जाऊन-येऊन अडीच-तीन तास लोकलमध्ये. जुलैत ‘मन फ्रेश करायला’ म्हणून एका ग्रुपबरोबर ट्रेकला गेले. बसमध्ये रात्रभर गाणी, पायथ्याला गाड्याच गाड्या, एका कातळटप्प्यावर सव्वा तास रांग, आणि वर कुणीतरी स्पीकर लावलेला. सोमवारी ऑफिसला गेले ती आधीपेक्षा जास्त वैतागून. निसर्गात मन शांत होतं हे खरं, की नुसतं म्हणायचं? (एक वाचक, डोंबिवली)

खरं आहे. पण तुमच्या पत्रातला ट्रेक म्हणजे डोंगरावर नेऊन ठेवलेला दादरचा पूल होता.

शहरात आपलं लक्ष सतत कुणीतरी ओढून घेतं: हॉर्न, फलाटावरची घोषणा, मागून आलेलं कोपर, फोनची टिंग. हे लक्ष राखायला जोर लागतो आणि ते थकतं. पानांची सळसळ, वाहतं पाणी, ढगांची सावली यांकडे लक्ष आपसूक जातं, आणि तेवढा वेळ थकलेल्या यंत्रणेला रजा मिळते. रेचल आणि स्टीफन कॅप्लन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी मांडलेली ही कल्पना आहे. १९८४ मध्ये रॉजर उलरिच यांनी पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या नोंदी तपासल्या. खिडकीतून झाडं दिसत होती ते रुग्ण, विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना जोरदार वेदनाशामकं कमी लागली. इंग्लंडमधल्या सुमारे २०,००० लोकांच्या पाहणीत (२०१९) आठवड्याला १२० मिनिटं किंवा जास्त वेळ निसर्गात घालवणाऱ्यांनी आपली तब्येत आणि मन बरं असल्याचं अधिक प्रमाणात सांगितलं. तो वेळ एकदम घालवला की तुकड्यांत, याने फरक पडला नाही. अर्थात, बरं वाटत असलेली माणसंच जास्त बाहेर पडतात असंही असू शकतं, म्हणून याला औषधाचा डोस समजू नका.

तर तुमचं चुकलं कुठे? तीन ठिकाणी, आणि तिन्ही नियोजनातली आहेत.

पहिलं, झोप. रात्रभर बसमध्ये जागून पहाटे चढाई सुरू केली की शरीर आधीच कावलेलं असतं. मुंबईकराला यावर उत्तम सोय म्हणजे पहाटेची पहिली लोकल. घरी झोपा आणि कर्जत किंवा कसारा गाठा. भिवपुरी रोडहून गारबेट पठार, आसनगावहून माहुली, नेरळहून पेब, कर्जतहून कोंढाण्याच्या लेण्यांपर्यंत, या सगळ्या वाटा रात्रीच्या बसशिवाय होतात. पेब आणि माहुलीवर शिड्या व अवघड टप्पे आहेत, ते नवख्यांनी माहितगाराबरोबरच करावेत.

दुसरं, दिवस. जुलै-ऑगस्टचा रविवार टाळा, बास. शनिवारी गर्दी निम्म्याने उतरलेली दिसेल, आणि एखाद्या बुधवारी रजा टाकलीत तर वाटेत गुराखी सोडून कुणी भेटणार नाही. सप्टेंबरची अखेर ते फेब्रुवारी हा खरा हंगाम. सोनकी, तेरडा सप्टेंबरात. ऑक्टोबरात ऊन चटके देतं, पण हवा धुतलेली असते. जानेवारी-फेब्रुवारीत काटेसावर आणि पळस. ‘पावसाळ्यात गेलं नाही तर काय मजा’ हे वाक्य फोटोंनी पसरवलं आहे. पावसात जायचंच असेल तर ओढ्याकडे लक्ष ठेवा. तुमच्या डोक्यावर ऊन असलं तरी वर पठारावर सर आली की पाणी दहा-पंधरा मिनिटांत चढतं. नितळ पाणी अचानक गढूळ झालं, पाला-काटक्या वाहत आल्या किंवा आवाज बदलला, की त्याच क्षणी काठावरून वर सरका. पलीकडे अडकलात तर ओलांडू नका. पाऊस थांबला की पाणी बहुतेक वेळा काही तासांत उतरतं. पावसाळ्यात धबधब्यांवर जिल्हाधिकाऱ्यांचे मनाई आदेशही असतात, ते निघण्याआधी बघा.

तिसरं, वेळेचा हिशोब. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये दिलेला ठोकताळा आजही वापरतात: सपाटीला तासाला ५ किलोमीटर, आणि चढाच्या दर ६०० मीटरला एक तास जास्त. मळवली स्टेशनपासून भाजे गावातून लोहगड धरू. सुमारे ५ किलोमीटर आणि ४०० मीटर चढ, म्हणजे नेस्मिथच्या हिशोबाने १ तास ४० मिनिटं. पण त्याचा हिशोब थंड हवेतल्या सरावलेल्या माणसाचा आहे. सह्याद्रीच्या उन्हात, पाठीवर सॅक घेऊन, नवख्यांनी दुप्पट धरावा. उतरायला चढण्याइतकाच वेळ ठेवा. डिसेंबरात सहाच्या सुमारास अंधार पडतो. त्यातून उलटं मोजून ‘इतक्या वाजता जिथे असू तिथून परत’ अशी वेळ आधीच ठरवा, आणि माथा अर्ध्या तासावर असला तरी ती पाळा. रविवारी मेगाब्लॉक असेल तर परतीचा एक तास त्यात घाला. संध्याकाळी सातच्या गाडीसाठी धावत उतरणाऱ्या माणसाचे पायही मुरगळतात आणि मनही.

ग्रुपबरोबर जायचं असेल तर पैसे भरण्याआधी एकच प्रश्न विचारा: एका लीडरमागे किती जण? आठ-दहा ठीक. ‘बस भरली की निघू’ असं उत्तर आलं तर सोडून द्या.

शेवटची गोष्ट, जी बहुतेक ट्रेकच्या कार्यक्रमात नसतेच. वर पोचल्यावर, किंवा त्याआधी एखाद्या मोठ्या झाडाखाली, वीस मिनिटं एकटं बसा. फोन सॅकच्या तळाशी. पहिली सात-आठ मिनिटं मनात ऑफिसच असतं, ते चालू द्या. तुम्ही हलत नाही हे कळलं की आजूबाजूचे पक्षी पुन्हा कामाला लागतात. तांबटाची एकसुरी टुक् टुक्, बुलबुलांची भांडणं, सातभाईंचा कलकलाट. ऐकू येणारे आवाज जवळून दूर असे मोजत जा. पाचवा-सहावा आवाज शोधायला कान बाहेर जातात, आणि कान बाहेर गेले की डोक्यातली बडबड आपोआप हळू होते. उठल्यावर एकदम चालायला लागू नका.

वय ५४. मधुमेहाची गोळी चालू आहे, थोडं ब्लडप्रेशरही. चढताना काही वाटत नाही, पण उतरताना गुडघे बोलतात. मैत्रिणी म्हणतात आता हे वय नाही. मी जाऊ की नको? (मुलुंड)

जा. मात्र कुठे, कशा आणि किती हे ठरवून.

ताई, उतारावर गुडघे बोलतात याचं कारण सरळ आहे. चढताना मांडीचे स्नायू आखडत काम करतात. उतरताना तेच स्नायू ताणले जात असताना शरीराला थोपवून धरतात. जिना उतरताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या तिपटीहून जास्त भार येतो. स्नायू दमले की तो भार सांध्यावर जातो, म्हणून दुखणं उताराच्या दुसऱ्या निम्म्यात सुरू होतं. उपाय स्नायूंचा आहे, आणि तो घरच्या जिन्यावर होतो. एक मजला सुमारे ३ मीटर. पहिले दोन आठवडे, आठवड्यातून तीन दिवस, १० मजले चढा आणि लिफ्टने खाली या. तिसऱ्या आठवड्यापासून निम्मे मजले उतरूनही या. सहा आठवड्यांत ४० मजल्यांपर्यंत पोचा, म्हणजे १२० मीटर. एवढं झालं की २५०-३०० मीटर चढाचा डोंगर विश्रांती घेत जमतो. दुखणं दुसऱ्या दिवशी मांडीत असेल तर ते सरावाचं. सांध्याच्या आत दुखत असेल, गुडघा सुजत असेल किंवा मध्येच अडकत असेल, तर आधी हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.

उतरताना पावलं छोटी, गुडघे किंचित वाकलेले. घसाऱ्यावर, म्हणजे सुट्ट्या खड्यांच्या उतारावर, तिरकं व्हा आणि टाच रोवा. दगडावरून दगडावर उड्या मारणाऱ्या पोरांकडे बघू नका. काठी असावीच, साधी बांबूची चालेल. दुर्बिणीसारखी लांब होणारी असेल तर सपाटीला कोपर काटकोनात येईल इतकी, आणि उताराला ५ ते १० सेंटीमीटर जास्त लांब. काठी आधी खालच्या पायरीवर टेकवा, मग पाय. बुटात अंगठ्यापुढे अर्ध्या बोटाची जागा हवी. उतार लागण्याआधी नाड्या घोट्याजवळ पुन्हा आवळून बांधा, नाहीतर पाय पुढे सरकून नखं काळी पडतात. नखं आदल्या रात्री कापा, सकाळी घाईत नको.

मधुमेहाबद्दल: तुमची गोळी कोणत्या गटातली आहे हे डॉक्टरांना विचारा. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन असेल तर चालण्याने साखर खाली जाऊ शकते, आणि ती चालतानाच नाही, तर रात्री झोपेतही उतरू शकते. त्या दिवशीचा डोस काय, हे त्यांनीच ठरवायचं. खिशात, सॅकमध्ये नव्हे, ग्लुकोज पावडर ठेवा. हात थरथरणं, घाम, एकदम भूक किंवा चिडचिड झाली की १५ ग्रॅम, म्हणजे साधारण तीन चमचे पाण्यात घ्या आणि १५ मिनिटांनी साखर तपासा. ब्लडप्रेशरसाठी लघवी वाढवणारी गोळी असेल तर उन्हात चक्कर येण्याची शक्यता वाढते. नाडीचा वेग कमी ठेवणारी गोळी असेल तर घड्याळातल्या ठोक्यांवर विसंबू नका. चालता चालता पूर्ण वाक्य बोलता येतंय ना, एवढं बघा. वाक्य तुटायला लागलं की वेग कमी करा.

सुरुवात माथेरानपासून करा. नेरळहून टॅक्सीने दस्तुरी नाक्यापर्यंत, पुढे मोटारींना बंदी. लाल मातीच्या, सावलीच्या, बऱ्याच अंशी सपाट वाटा आहेत. बाजारपेठ सोडून दिवसभरात ८ किलोमीटर चाललात तरी गुडघ्याला मोठा उतार लागत नाही. दुसरी पायरी म्हणजे कान्हेरी. बोरिवलीच्या नॅशनल पार्कच्या गेटपासून लेण्यांपर्यंत बसने, आणि वरच्या लेण्यांच्या कोरीव पायऱ्या पायी. सोमवारी पार्क बंद असतो.

कानात गाणी लावून चाललं तर चालेल का? मला शांतता सहनच होत नाही. (परळ)

मळलेल्या सपाट वाटेवर, एकाच कानात, पहिला अर्धा तास चालेल. कातळावर, घळीत आणि उतारावर नाही. वरून ‘दगड!’ अशी हाक आली तर ती ऐकू यायला हवी. आणि स्पीकर मात्र कधीच नको, तुमचं गाणं कितीही चांगलं असलं तरी.

बोरिवलीच्या नॅशनल पार्कात सकाळी चालायला जातो. व्हॉट्सअॅपवर बिबट्याचे व्हिडिओ बघून घरच्यांनी बंद करायला लावलं. कितपत धोका आहे? (दहिसर)

सुमारे १०४ चौरस किलोमीटरच्या या जंगलात बिबटे आहेत, कायमचे आहेत, आणि त्यांना तुमच्यात फारसा रस नाही. आतल्या पाड्यांवरच्या आदिवासींनी वाघोबाला देव मानून पिढ्यान् पिढ्या त्याच जंगलात संसार केला आहे. बिबट्या मुख्यतः रात्री, पहाटे आणि तिन्हीसांजेला फिरतो. त्यामुळे उजाडल्यावर, डांबरी रस्त्याने, दोघा-तिघांनी चाला. मुलं पुढे किंवा मागे एकटी सोडू नका. झुडपांच्या कडेला उकिडवं बसू नका, बसलेला माणूस त्याला लहान प्राणी वाटतो. बरोबर कुत्रा नको. कचऱ्यामागे कुत्री येतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या, म्हणून पार्काच्या कडेच्या सोसायट्यांनी कचरा उघडा ठेवू नये. समोर आलाच तर पळू नका. उभे राहा, हात वर करून मोठे दिसा, त्याच्याकडे तोंड ठेवून हळू मागे सरका आणि त्याला जायला वाट मोकळी ठेवा. फोटोसाठी घेरणं हे अपघाताचं मोठं कारण. वनखात्याचा क्रमांक १९२६.

खरं सांगायचं तर तुम्हाला माकडांचा त्रास जास्त होईल. हातात पिशवी दिसली की ती त्यांची. आणि कडेकपारीतलं आग्या मोहोळ बिबट्याहून जास्त भीतीचं आहे. अत्तर, धूर आणि दगड मारणं टाळा. माश्या उठल्याच तर हात न झटकता, तोंड झाकून, बंद जागेकडे पळा. काटे नखाने खरवडून लगेच काढा. धाप लागली, ओठ-चेहरा सुजला किंवा डंख फार झाले, तर १०८ ला फोन.

दर ट्रेकनंतर संध्याकाळी डोकं ठणकतं. सगळा आनंद तिथेच संपतो. दोन लिटर पाणी नेतो आणि संपवतो. (भांडुप)

दोन लिटर नेता हे कळलं, कधी पिता हे कळलं नाही. बहुतेक जण चढताना दोन घोट घेतात आणि वर पोचल्यावर अर्धी बाटली रिकामी करतात. तोवर उशीर झालेला असतो. निघण्याआधी दोन तास अर्धा लिटर. मग उन्हात दर तासाला ४०० ते ६०० मिलिलिटर, दर पंधरा मिनिटांनी तीन-चार घोट अशा हिशोबाने. चार तासांहून मोठा ट्रेक असेल तर निव्वळ पाणी पुरत नाही. घामातून मीठ जातं, आणि नुसतं पाणी ढोसत राहिल्यानेही डोकं दुखतं, मळमळतं. एक लिटर पाण्यात ओआरएसचं एक लिटरचं पाकीट पूर्ण घाला, अर्धं पाकीट अंदाजाने नको. पाकीट नसेल तर एका लिटरला सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. पायथ्याच्या गावात ताक मिळालं तर उत्तमच.

आपल्याला नेमकं किती लागतं हे कळायला एकदा वजन करून बघा, निघताना आणि परतल्यावर. एक किलो घटलं म्हणजे साधारण एक लिटर कमी प्यालात. साठ किलोच्या माणसाचं सव्वा किलो घटलं असेल तर डोकं दुखणारच.

एक वेगळाच संशयित आहे: चहा. रोज सकाळी दोन कप घेणाऱ्याने ट्रेकच्या दिवशी पहिल्या लोकलच्या नादात चहा चुकवला, तर दुपारनंतर डोकं धरतं. थर्मास न्या. खाण्यात एकदम मोठं जेवण नको, दर तासाला थोडं थोडं. शेंगदाणे-गूळ, राजगिऱ्याचा लाडू, खजूर, दशमी, काकडी. मानेवर पडणारी टोपी किंवा ओला पंचा. आणि कुणी असंबद्ध बोलायला लागलं, अंग तापलं, तोल जायला लागला, तर ती साधी डोकेदुखी नाही, उष्माघात आहे. सावलीत आडवं करा, अंगावर पाणी ओतून वारा घाला आणि त्याच वेळी मदत बोलवा.

मुलगी पाच वर्षांची. रविवारी सकाळचा अर्धा दिवसच मिळतो. लांब जाणं शक्य नाही. (चेंबूर)

लांब जाऊच नका. धारावीजवळ मिठीच्या काठचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान तुमच्या हाकेच्या अंतरावर आहे. एके काळी तिथे शहराचा कचरा टाकत, आज दाट झाडी आहे. गोरेगावला फिल्मसिटीशेजारी बीएनएचएसचं (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचं) केंद्र आहे, तिथे आधी नोंदणी करून जायचं. हिवाळ्यापासून मे महिन्यापर्यंत शिवडीच्या किंवा ऐरोलीच्या खाडीत रोहित पक्षी बघता येतात. त्यासाठी सुट्टीपेक्षा भरतीची वेळ महत्त्वाची. पूर्ण भरतीला चिखल झाकलेला असतो, पूर्ण ओहोटीला पक्षी लांब जातात. भरतीच्या दोन-अडीच तास आधी किंवा नंतर पोचा. ही वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे गेल्या रविवारची वेळ या रविवारी चालत नाही.

पाच वर्षांच्या मुलीचा वेग तासाला एक किलोमीटर धरा, कारण ती मुंग्यांपाशी थांबणार. थांबू द्या. तेल-खडू आणि चार कोरे कागद न्या. खोडावर कागद धरून खडू आडवा घासला की सालीचा ठसा उमटतो. ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी, ती मुलांना फार आवडते. पानं-बिया बघून तिथेच ठेवायच्या.

मुलगा २२ वर्षांचा आहे. चार महिने खोलीबाहेर येत नाही, रात्रभर जागा असतो, जेवण कमी झालंय. माझी बहीण म्हणते हिमालयात ट्रेकला पाठव, माणूस बदलून येतो. पाठवू का? (विरार)

आत्ता नको. आधी मानसोपचारतज्ज्ञ. चार महिन्यांची ही लक्षणं आजाराची असू शकतात आणि त्याला उपचार आहेत. सुमारे २५०० मीटरच्या वर धडधाकट माणसाचीही झोप बिघडते, आणि तिथे रात्री काही झालं तर डॉक्टर दिवसभराच्या वाटेवर असतो. ‘टेली-मानस’ या सरकारी सेवेचा क्रमांक १४४१६ आहे, तो चोवीस तास आणि मोफत चालतो. मरणाबद्दल काहीही बोलला तर त्याला एकटं ठेवू नका आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.

उपचार सुरू झाल्यावर चालणं जरूर उपयोगी पडतं, पण छोटं. सकाळच्या उजेडात पंधरा-वीस मिनिटं, समुद्रावर किंवा गल्लीतल्या झाडांखालून. तुम्ही समोरासमोर बसून बोलू नका, शेजारून चाला. नजरेला नजर नसली की बोलणं सोपं जातं. तो नाही म्हणाला तर उद्या पुन्हा विचारा, उपदेश न करता.

पाच वर्षांपूर्वी घेतलेले, जेमतेम चार वेळा वापरलेले बूट घालून गेलो आणि दोन तासांत दोन्ही सोल सुटून आले. फसवणूक झाली का? (ठाणे)

बहुधा नाही. तुमच्या माळ्याने घात केला. अनेक ट्रेकिंग बुटांच्या मधल्या थरात पॉलियुरेथेन असतं. हवेतला दमटपणा त्याची साखळी हळूहळू तोडतो. न वापरलेला बूट जास्त लवकर जातो, कारण चालताना दाबामुळे ओल बाहेर पडते आणि पडून राहिला की ती आत मुरते. प्लॅस्टिकच्या पिशवीत गच्च बांधून ठेवला असेल तर आणखीच. मुंबईच्या पाच पावसाळ्यांत एवढं होणारच.

बूट कोरडा करून, आत वर्तमानपत्राचे बोळे भरून, हवेशीर जागी ठेवा आणि महिन्यातून एकदा तरी बाजारापर्यंत घालून जा. ट्रेकच्या आठवडाभर आधी सोल दोन्ही हातांनी वाकवा, मधल्या थरात नख रोवून बघा. भुगा निघाला, किंवा कडेला केसाएवढ्या भेगा दिसल्या, तर तो बूट मोच्याकडे नेऊनही उपयोग नाही, कारण चिकटवायला खालचा थरच उरलेला नसतो. वाटेतच सुटला तर जादा नाडी टाचेखालून आणि चवड्याखालून दोन आडवे वेढे देऊन वर घोट्याशी बांधा. गाठ पायाच्या वर ठेवा, तळाशी ठेवली तर कातळावर घसरते. म्हणून सॅकमध्ये दीड मीटरच्या दोन नाड्या नेहमी असू द्याव्यात.